इकडचा ट्रॅक, तिकडचा ट्रॅक

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातले कॅल्युमेट सिटी. एका घराभोवती एफबीआयची माणसे दबा धरून बसली आहेत. बायकांना पळवून नेऊन मारणारा खुनी याच घरात आहे, अशी त्यांची खात्री आहे. त्यांच्यातला एक जण फुलांचा गुच्छ पोचवणाऱ्याच्या वेषात दाराशी जातो आणि बेल दाबतो. लगेच एक तळघर दिसते. तिथली घंटा खणखणते आणि खुनी दचकतो. पुन्हा रस्ता, पुन्हा बेल, पुन्हा तळघर. खुनी कसाबसा आवरून वर येतो, दार उघडतो. दारात पथकातले कोणीच नसते. उभी असते ती क्लॅरिस स्टार्लिंग ही शिकाऊ एजंट, एकटी, आणि तीही तिकडे ओहायो राज्यातल्या बेल्व्हेडियर गावात. आपण कोणाच्या दारात उभ्या आहोत, याचा तिला पत्ता नसतो. इलिनॉयमध्ये दार फोडून आत घुसलेल्या पथकाच्या हाती लागते ते रिकामे घर.

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (1991) या चित्रपटातला हा प्रसंग. पटकथा टेड टॅली यांची, दिग्दर्शन जोनाथन डेमी यांचे. गंमत अशी की इथे कोणी प्रेक्षकाला थाप मारलेली नाही. हे तळघर त्याच घराखालचे आहे, असे कोणी म्हटलेले नाही. बेल दाबली गेली, बेल वाजली. मधला दुवा प्रेक्षकाने आपल्या मनाने जोडला आणि फसला. दोन ठिकाणी चाललेल्या गोष्टी आलटून पालटून दाखवल्या की त्यांचा एकमेकींशी संबंध असणारच, हे गृहीत धरायला प्रेक्षक इतका सरावला आहे की त्या सवयीचाच इथे सापळा झाला.

मराठी-हिंदी पटकथेच्या बैठकीत अशा प्रत्येक गोष्टीला सरळ ‘ट्रॅक’ म्हणतात. हिरोचा ट्रॅक, बापाचा ट्रॅक, इन्स्पेक्टरचा ट्रॅक. ‘आईचा ट्रॅक सेकंड हाफमध्ये मरतोय’ हे वाक्य ऐकून त्या खोलीत कोणाला वाईट वाटत नाही. आईच्या गोष्टीला पुढे काही घडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकाहून जास्त ट्रॅक हाताळणे म्हणजे काय, तर वरवर पाहता ते एकमेकांत गुंफणे. पण पटकथा लिहिताना खरी मेहनत पडते ती एक ट्रॅक सोडण्यात. कुठल्या क्षणी सोडायचा, प्रेक्षकाच्या मनात काय शिल्लक ठेवून सोडायचा आणि किती वेळाने त्याच्याकडे परत यायचे, यावर सगळा डोलारा उभा असतो.

दोन ठिकाणच्या गोष्टी मनाने जोडण्याची ही सवय प्रेक्षकाला जन्मापासून नव्हती. एडविन पोर्टर यांच्या ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ (1903) या लहानशा चित्रपटात जळत्या घरातून एका बाईची आणि तिच्या मुलाची सुटका होते. पोर्टर यांनी हा प्रसंग आधी खोलीच्या आतून अख्खा दाखवला आणि मग तोच प्रसंग पहिल्यापासून रस्त्यावरून दाखवला. बाई दोनदा वाचते! आतले आणि बाहेरचे एकाच वेळी घडते आहे, हे तुकडे पाडून दाखवता येईल, हे तेव्हा कोणाच्या अंगवळणी पडले नव्हते. पुढे कधीतरी कोणीतरी या चित्रपटाची नव्या पद्धतीने कापाकाप केली, आत-बाहेर-आत-बाहेर अशी. ती प्रत अस्सल समजून अभ्यासक बरीच वर्षे पोर्टर यांना या तंत्राचे श्रेय देत राहिले. कॉपीराइटसाठी कागदावर छापून ठेवलेली जुनी प्रत ताडून पाहिल्यावर घोटाळा उघड झाला.

आत-बाहेरचा हा खेळ पक्का केला तो डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी. ‘द लोनली व्हिला’ (1909) मध्ये घरात आई आणि मुली अडकल्या आहेत, दाराशी चोर आहेत आणि बाप दूर कुठेतरी टेलिफोनवर आहे. तीन जागा आणि एकच घड्याळ. दार तुटायच्या आत बाप पोचतो का, एवढाच प्रश्न. त्याच वर्षीच्या ‘अ कॉर्नर इन व्हीट’ मध्ये मात्र धावाधाव नाही. एकीकडे गव्हाचा साठा करून गब्बर झालेला व्यापारी मेजवानी झोडतो आणि दुसरीकडे महागलेल्या पावासाठी गरिबांची रांग लागते. व्यापारी त्या रांगेकडे कधी फिरकत नाही, रांगेतल्यांनी त्याचे तोंड पाहिलेले नाही. त्यांची गाठ पडते ती फक्त प्रेक्षकाच्या डोक्यात.

समांतर कथानकांची दोन मोठी घराणी अशी एकाच वर्षी, एकाच दिग्दर्शकाच्या हातून पडद्यावर दिसली. एक घड्याळावर चालणारे, दुसरे विरोधावर. आपल्या पद्धतीचे मूळ ग्रिफिथ डिकन्सच्या कादंबऱ्यांत सांगत. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी 1944 साली या नात्यावर एक मोठा निबंधच लिहिला.

नंतर ग्रिफिथ यांनी जी उडी मारली ती आजही छाती दडपवते. ‘इन्टॉलरन्स’ (1916) मध्ये चार गोष्टी आहेत: बॅबिलोनचा पाडाव, ख्रिस्ताचा शेवट, 1572 मधली फ्रान्समधली प्रोटेस्टंटांची कत्तल आणि ग्रिफिथ यांच्या काळातल्या अमेरिकेत फाशीच्या तख्तापर्यंत पोचलेला एक निरपराध कामगार. चारही गोष्टींमध्ये दोन हजारांहून जास्त वर्षांचे अंतर. त्या एकामागून एक सांगितलेल्या नाहीत, एकमेकींत मिसळल्या आहेत. सुरुवातीला प्रत्येक गोष्टीला ऐसपैस जागा मिळते. शेवट जवळ आला की तुकडे लहान होत जातात, बॅबिलोनचा रथ आणि विसाव्या शतकातली मोटार एकाच शर्यतीत धावत असल्यासारखे वाटू लागते. तीन गोष्टींचा शेवट मरणात होतो. कामगाराची फाशी तेवढी ऐन वेळी टळते.

चार गोष्टींना बांधण्यासाठी ग्रिफिथ यांनी पाळणा झुलवणाऱ्या एका बाईचे दृश्य पुन्हा पुन्हा आणले. हा पाळणा फार दमाचा निघाला नाही. असहिष्णुता हा विषय चारही गोष्टींत आहे हे खरे, पण फाशीची दोरी आवळली जात असताना प्रेक्षकाला बॅबिलोनला नेले की तो ‘आता हे कशाला?’ म्हणून चुळबुळतो. तिकीटबारीवर चित्रपट आपटला. 1919 साली ग्रिफिथ यांनी त्यातली बॅबिलोनची आणि कामगाराची गोष्ट सुटी करून दोन वेगळे चित्रपट म्हणून पुन्हा विकायला काढली. समांतर पटकथेची याहून कठोर परीक्षा नसेल. गोष्टी सुट्या काढल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही, याचा अर्थ त्या एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या होत्या.

हीच परीक्षा आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांच्या ‘कॉमेडी ट्रॅक’ला लावून पाहावी. हिरो-हिरोइनची मूळ कथा एका बाजूला आणि विनोदी नटाचे स्वतंत्र लग्नप्रकरण दुसऱ्या बाजूला. कित्येकदा हा भाग अख्खा गाळला तरी मूळ कथेला पत्ता लागत नाही. ‘शोले’ (1975) मधला जेलर किंवा सूरमा भोपाली लोकांना तोंडपाठ असतात, पण रामगडच्या लढाईत त्यांचे काही अडलेले नाही. लोकांना हसवायला ते पुरेसे आहेत. समांतर कथानक मात्र त्याला म्हणता येणार नाही.

आता थोडा हिशेब. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ढोबळ अंदाज. दोन तासांच्या चित्रपटात दोन ट्रॅक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ पाने येतात, चार असतील तर तीस. तीस मिनिटे म्हणजे एक शॉर्ट फिल्म. म्हणून चार ट्रॅकच्या चित्रपटात प्रत्येक गोष्ट लघुकथेच्या मापाची असावी लागते. तिथे कादंबरी कोंबली की प्रत्येक पात्राचे फक्त ओळखपत्र दिसते. ‘सलाम-ए-इश्क’ (2007) मध्ये सहा जोडपी होती. चित्रपट साडेतीन तासांच्या आसपास गेला, तरी एका जोडप्याशी जरा सूर जुळतोय तोवर दुसरे जोडपे हजर, अशी प्रेक्षकाची गत झाली.

या हिशेबापायी लेखक रंगीत कार्डे वापरतात. प्रत्येक ट्रॅकला एक रंग, प्रत्येक सीनला एक कार्ड. आधी एका रंगाची सगळी कार्डे ओळीने लावून पाहायची: ही गोष्ट एकटी उभी राहते का? मग दुसऱ्या रंगाची. त्यानंतर दोन्ही एकत्र मांडून वन-लाइन तयार करायची, म्हणजे कुठल्या सीननंतर कुठला सीन याची एकेका ओळीतली यादी. भिंतीवर लावलेली कार्डे लांबून पाहिली तरी दुखणे लक्षात येते. वीस कार्डांत पिवळे दिसलेच नाही, तर पिवळ्या ट्रॅकमधल्या माणसाचे नावही प्रेक्षक विसरलेला असतो. पिवळे-निळे-पिवळे-निळे असा बुद्धिबळाचा पट झाला असेल तर तेही वाईट, कारण मग कट कधी येणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. आपल्याकडे त्यात इंटरव्हलची भर. कुठल्या ट्रॅकवर इंटरव्हल घ्यायचा, हे ठरवताना दुसऱ्या ट्रॅकला पंधरा मिनिटांचा उपास घडतो आणि इंटरव्हलनंतरचा पहिला सीन कोणाचा, यावर बैठकीत भांडणे होतात.

‘द गॉडफादर पार्ट टू’ (1974) हा सोडण्याच्या जागांचा अभ्यास करायला सर्वांत चांगला चित्रपट. फ्रान्सिस फोर्ड कोपोला आणि मारिओ पुझो यांनी इथे दोन ट्रॅक घेतले. एकात 1901 साली सिसिलीतून पोरका होऊन न्यूयॉर्कला आलेला आणि हळूहळू ‘डॉन’ बनणारा व्हिटो. दुसऱ्यात 1958 च्या सुमाराला साम्राज्य सांभाळणारा त्याचा मुलगा मायकल. बाप आणि मुलगा या दोन ट्रॅकमध्ये एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत. एक वर चढतो, दुसरा सगळे मिळवून एकाकी होत जातो.

यातली एक जागा बारकाईने पाहण्याजोगी आहे. आपल्याच सख्ख्या भावाने, फ्रेडोने, आपल्याशी दगा केला, हे मायकलला हवानामध्ये कळलेले असते. तो घरी परततो. बायकोचा गर्भपात झाल्याची बातमी कुटुंबाचा वकील टॉम हेगन त्याला देतो. मुलगा होता का, असे मायकल विचारतो. टॉमला धड उत्तर देता येत नाही. मायकलचा चेहरा तसाच ठेवून पटकथा त्याला सोडते आणि चाळीस वर्षे मागे जाते. न्यूयॉर्कच्या एका कोंदट खोलीत तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला आहे, आया-बाया धावपळ करताहेत आणि तरुण व्हिटो कोपऱ्यात हतबल उभा आहे. ते बाळ म्हणजे फ्रेडो.

दोन्ही सीन सुटे पाहिले तर साधे आहेत. एकात बातमी आहे, दुसऱ्यात आजारपण. शेजारी ठेवले की मात्र एका बापाने ज्या लेकरासाठी जीव टांगणीला लावला, त्याचाच जीव दुसरा मुलगा घेणार, ही शंका संवादाविना मनात शिरते. मायकलला ती खोली आठवणे शक्य नाही, त्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. व्हिटोला पुढचे ठाऊक नाही. दोन्ही टोके हातात असलेला एकटा प्रेक्षक. सुरुवातीच्या संकलनात दोन काळांमधली ये-जा याहून खूप जास्त होती. प्रेक्षक कशातच रमत नाहीत, हे खासगी खेळांत लक्षात आल्यावर कोपोला यांनी उड्या कमी केल्या आणि प्रत्येक काळाला मोठे सलग तुकडे दिले.

मराठीत अनेक ट्रॅकची सर्वांत भक्कम पटकथा शोधायची तर ‘सिंहासन’ (1979) कडेच जावे लागते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी ती लिहिली आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केली. खुर्ची टिकवू पाहणारे मुख्यमंत्री जिवाजीराव, ती खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा, तस्करांची दुनिया, झोपडपट्टी, मंत्रालय. हे सगळे बांधायला तेंडुलकरांकडे एक माणूस होता: पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. पत्रकाराला मुख्यमंत्र्यांच्या दालनात जायला कारण लागत नाही, की संपाच्या सभेत उभे राहायला निमंत्रण लागत नाही. ज्याला सगळीकडे मुक्तद्वार आहे असा माणूस सापडला की ट्रॅक जोडायला योगायोग उसने आणावे लागत नाहीत.

मात्र तेंडुलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. दिगू हा नुसता निरोप्या राहिला असता, तर तो ग्रिफिथ यांच्या पाळण्यासारखाच एक सोयीचा दुवा ठरला असता. इथे प्रत्येक ट्रॅकमधून तो काहीतरी ओझे घेऊन बाहेर पडतो. राजकारणी माणसे डाव मांडतात, मोडतात, पुन्हा एकत्र बसतात. त्यांचे फारसे काही बिघडत नाही. ज्याने सगळे ट्रॅक पाहिले त्या दिगूचा तोल मात्र शेवटी ढळतो. म्हणजे एवढ्या सगळ्या ट्रॅकची बेरीज फक्त एका माणसाच्या खात्यावर पडते.

माणसाऐवजी घटनेचा खुंटा वापरता येतो. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. निशिकांत कामत यांनी ‘डोंबिवली फास्ट’नंतर केलेल्या ‘मुंबई मेरी जान’ (2008) मध्ये स्फोटांमागचे कट-कारस्थान नाही. स्फोटानंतर वेगवेगळ्या माणसांचे काय झाले, तेवढे आहे. निवृत्तीला टेकलेला हवालदार तुकाराम पाटील, लोकलमध्ये चढायला घाबरू लागलेला निखिल, इतरांचे दुःख बातमीत मांडता मांडता स्वतःच बातमी झालेली रूपाली, मुसलमान माणूस दिसला की संशयाने पाहणारा सुरेश, सायकलवर कॉफी विकणारा थॉमस. यांतले काही एकमेकांना ओझरते भिडतात, बाकीच्यांची गाठही पडत नाही. स्फोट सगळ्यांचा एकच, त्यामुळे गाठ पडलीच पाहिजे अशी सक्ती नाही. शेवटी शहर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहते. ती श्रद्धांजली मुंबईने खरोखरच वाहिली होती, त्यामुळे सर्व ट्रॅक एका क्षणात आणायला लेखकांना नवे काही रचावे लागले नाही. या सगळ्यांत परेश रावळ यांचा पाटील लक्षात राहतो. ज्याला आयुष्यभर काही करता आले नाही आणि ते कबूल करायची वेळ आता आली आहे, असा माणूस पटकथेत असला की इतर ट्रॅक आपोआप त्याच्या तुलनेत मोजले जातात. बऱ्याच समांतर चित्रपटांत असे होते. लेखकाने कितीही समान वाटणी केली तरी एक ट्रॅक लोकांचा लाडका बनतो आणि दुसरा सुरू झाला की त्यांना घाई होते.

योगायोगाचे काय करायचे, हा या प्रकारातला जुना तंटा. ‘क्रॅश’ हा लॉस एंजेलिसमधल्या वंशद्वेषावरचा चित्रपट. 2006 साली त्याला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात एक पोलीस झडतीच्या निमित्ताने एका बाईशी किळसवाणे वागतो आणि दुसऱ्याच दिवशी पेटत्या मोटारीतून नेमकी तीच बाई वाचवायची वेळ त्याच्यावर येते. लाखोंच्या शहरात त्याला हीच बरी सापडली, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उमटला की लेखकाचा हात दिसला म्हणून समजावे.

नीरज घायवान दिग्दर्शित ‘मसान’ (2015) मध्येही योगायोग आहे, आणि तो ‘क्रॅश’पेक्षा लहान नाही. तरीही तो खुपत नाही. वरुण ग्रोव्हर यांच्या पटकथेत बनारसमधले दोन ट्रॅक आहेत. देवी पाठक मित्राबरोबर हॉटेलात असताना पोलिसांची धाड पडते. मित्र जीव देतो आणि प्रकरण दाबण्यासाठी इन्स्पेक्टर तिच्या वडिलांकडे तीन लाख मागतो. दुसऱ्या ट्रॅकमध्ये घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातला दीपक इंजिनिअरिंग शिकतो आणि वरच्या जातीतल्या शालूच्या प्रेमात पडतो. एका रात्री अपघातात दगावलेल्यांचे देह घाटावर येतात. एका हातातल्या अंगठीवरून दीपक शालूला ओळखतो.

दीपक ती अंगठी बरेच दिवस जवळ ठेवतो आणि एका क्षणी गंगेत भिरकावतो. भिरकावल्याबरोबर त्याला पश्चात्ताप होतो, तो पाण्यात उडी मारतो, पण ती हाती लागत नाही. त्याचा ट्रॅक तिथे सोडला जातो. देवीच्या ट्रॅकमध्ये झोंटा नावाचा एक चुणचुणीत पोरगा आहे. देवीचे वडील विद्याधर पाठक घाटावर दुकान चालवतात आणि तो त्यांच्या हाताखाली असतो. घाटावरची पोरे नदीत बुडी मारून नाणी शोधायची, त्यावर पैज लागायची. अडचणीतले पाठकही त्यात पैसे लावू लागलेले असतात. अशाच एका बुडीत झोंटाला अंगठी मिळते. पाठक ती विकतात आणि इन्स्पेक्टरचा शेवटचा हप्ता चुकता होतो.

आता कोणाला काय माहीत आहे ते पाहावे. देवीला अंगठी कोणाची हे माहीत नाही. तिचे वडीलही अनभिज्ञ. दीपकला ती कुठे गेली हे कधीच कळत नाही. चित्रपटाच्या अखेरीला देवी आणि दीपक अलाहाबादच्या संगमावर एकमेकांना भेटतात, अनोळखी म्हणूनच. दोघांपैकी कोणीही अंगठीचा विषय काढत नाही, कारण काढायला विषयच नाही. आणखी एक गोष्ट अशी की या योगायोगाची पेरणी फार आधी झाली आहे. नदी पहिल्यापासून आहे, बुड्या मारणारी पोरे पहिल्यापासून आहेत, पाण्यातून वस्तू काढणे हा घाटावरचा रोजचा उद्योग आहे. अंगठी तिथेच सापडणार.

याच्या अगदी उलट तऱ्हा मनमोहन देसाईंची. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मध्ये ताटातूट झालेले तीन भाऊ तीन धर्मांत वाढतात आणि अपघातात सापडलेल्या एका बाईला एकाच वेळी रक्त देतात. ती त्यांची आई. तिघांच्या नळ्यांमधले रक्त एकत्र येऊन आईला चढते. शरीरशास्त्राने डोक्याला हात लावावा असे हे दृश्य आहे, आणि ते चित्रपटाच्या शेवटी नाही, श्रेयनामावलीत आहे! तीन ट्रॅक कसे जोडलेले आहेत हे रहस्य देसाई सुरुवातीलाच फोडून टाकतात. पुढचा सगळा वेळ प्रेक्षक वरचढ असतो. पडद्यावरची माणसे एकमेकांना धक्का मारून जातात आणि प्रेक्षागृहातला माणूस ‘अरे, तो भाऊ आहे तुझा’ म्हणून तळमळतो. ‘मसान’ आणि ‘अमर अकबर अँथनी’ यांच्या जातकुळीत काही साम्य नाही, पण दोन्हीकडे जोडणीचे ज्ञान पात्रांना न देता प्रेक्षकाला दिलेले आहे.

सत्यजित राय यांच्या ‘कांचनजंघा’ (1962) मध्ये जोडणारा धागा हवामान आहे. ही राय यांची पहिली स्वतंत्र पटकथा आणि पहिला रंगीत चित्रपट. दार्जिलिंगला सुट्टीवर आलेले एक श्रीमंत बंगाली कुटुंब फिरायला बाहेर पडते आणि दोन-दोन, तीन-तीन जणांत विखुरते. कुठे धाकट्या मुलीला मागणी घातली जाणार आहे, कुठे थोरलीचे लग्न मोडायला आले आहे. गोष्ट घडायला लागणारा वेळ आणि चित्रपटाची लांबी जवळपास सारखीच, त्यामुळे मधले तास गाळून पुढे जाण्याची सोय नाही. एका जोडीकडून दुसरीकडे जाताना ऊन गेलेले असते, ढग उतरलेले असतात, मग धुके दाटते. कोण कुठवर आले आहे, हे प्रत्येक वेळी आभाळ पाहून कळते.

घड्याळाशी सर्वांत उघड खेळ केला तो क्रिस्टोफर नोलन यांनी, ‘डंकर्क’ (2017) मध्ये. किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांचा ट्रॅक एका आठवड्याचा, समुद्रावरच्या खासगी होडीचा एका दिवसाचा आणि हवेतल्या लढाऊ विमानांचा एका तासाचा. सुरुवातीला तीन पाट्या येतात आणि त्यानंतर काळाबद्दल अवाक्षर नाही. तिन्ही ट्रॅक एकाच वेळी चालल्यासारखे गुंफले आहेत, प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या गतीने एका क्षणाकडे सरकतात. पटकथा अवघी 76 पानांची, संवाद अगदी तुटपुंजे.

यातला एक सैनिक पाहा. भर दिवसा तो बुडत्या जहाजाच्या अवशेषावर बसलेला सापडतो, होडीवर घेतला जातो. तो थरथरत असतो, डंकर्कला परत जायचे नाव काढताच बेभान होतो आणि त्या झटापटीत होडीवरचा एक मुलगा जबर जखमी होतो. बऱ्याच वेळाने, दुसऱ्या ट्रॅकमध्ये, रात्रीच्या अंधारात एक अधिकारी नावेतून पाण्यातल्या सैनिकांना शांतपणे सूचना देताना दिसतो. आवाजात कापरे नाही, हुकमत आहे. जरा निरखून पाहिले की कळते, हा तोच माणूस. गोष्टीच्या काळात हे आधीचे आहे, पडद्यावर नंतरचे. सरळ क्रमाने दाखवले असते तर ‘माणूस खचला’ एवढी नोंद झाली असती. उलट क्रमामुळे ज्याला भित्रा म्हणून निकालात काढले त्याच्याबद्दलचे मत प्रेक्षकाला स्वतःच बदलावे लागते. आठवड्याचा ट्रॅक आणि दिवसाचा ट्रॅक वेगळा ठेवला नसता, तर हे जमले नसते.

वेबमालिकांनी या कारागिरीला आणखी जागा दिली. दोन तासांचा हिशेब आठ भागांवर पसरला की दुय्यम ट्रॅकलाही बाळसे धरता येते. विक्रम चंद्रा यांच्या कादंबरीवरची ‘सेक्रेड गेम्स’ (2018) मुंबईतल्या दोन माणसांची. गुंड गणेश गायतोंडे पहिल्याच भागात स्वतःला गोळी घालून घेतो. त्याआधी त्याने इन्स्पेक्टर सरताज सिंगला शहर वाचवण्यासाठी पंचवीस दिवस दिलेले असतात. एक ट्रॅक त्या दिवसांचा, पुढे सरकणारा. दुसरा मेलेल्या गायतोंडेच्या आवाजात, त्याच्या लहानपणापासून सुरू होणारा. सरताजला जे शोधून काढायला घाम गाळावा लागतो त्याचे मूळ गायतोंडेच्या भूतकाळात असते, त्यामुळे एक ट्रॅक सोडला तरी चौकशी थांबत नाही. प्रश्न इकडे पडतो आणि उत्तराचा अर्धा तुकडा तिकडे दिसतो. वरुण ग्रोव्हर, स्मिता सिंग आणि वसंत नाथ यांनी लिहिलेल्या या मालिकेचे दिग्दर्शनही ट्रॅकप्रमाणे वाटून दिले होते. पहिल्या सीझनमध्ये सरताजचे सीन विक्रमादित्य मोटवाने यांनी केले आणि गायतोंडेचे अनुराग कश्यप यांनी. दुसऱ्या सीझनला सरताजचा ट्रॅक ‘मसान’वाल्या नीरज घायवान यांच्याकडे गेला, गायतोंडे कश्यप यांच्याकडेच राहिला.